किरकोळ धडकेनंतर चार महिन्यांनी नऊ लाखांचा दावा: नोटीस आली, आता काय करायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सिग्नलजवळ वेग कमी करताना तुमच्या कारचा धक्का पुढच्या स्कूटरला लागला. स्कूटरस्वार हातावर पडला, उठला आणि ‘विशेष काही नाही’ म्हणाला. तुम्ही त्याला दवाखान्यात नेले, तिथले बिल भरले, वर तीन हजार रुपये दिले. पोलिसांत गेला नाहीत आणि नो क्लेम बोनस जाईल या भीतीने विमा कंपनीलाही कळवले नाही. दोन दिवसांनी त्याने फिर्याद दिली, पोलिसांनी तुमचा जबाब घेतला. आता चार महिन्यांनी मोटार अपघात दावा प्राधिकरणाची नोटीस आली आहे आणि त्यात नऊ लाखांची मागणी आहे. दावा खोटा आहे का, पैसे तुम्हाला भरावे लागतील का आणि त्याला भेटून परस्पर मिटवावे का, असे तुम्ही विचारले आहे.

मी बरीच वर्षे मोटार अपघात दाव्यांत वकिली करतो, विमा कंपन्यांकडूनही आणि जखमींकडूनही. सर्वांत गरजेचे आधी सांगतो. अपघाताच्या दिवशी तुमची पॉलिसी चालू असेल, गाडी चालवणाऱ्याकडे त्या गाडीचा वैध परवाना असेल आणि तो दारू प्यायलेला नसेल, तर मंजूर होणारी रक्कम सहसा विमा कंपनी भरते. जखमीच्या शारीरिक इजेसाठी थर्ड पार्टी विम्याला रकमेची मर्यादा नसते. साडेसात लाखांची जी मर्यादा तुम्ही ऐकली असेल ती दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी आहे, हाडा-मांसाच्या नुकसानीसाठी नाही. त्यामुळे नऊ लाखांचा आकडा बघून घर विकायचा विचार करू नका. पण नोटीस ड्रॉवरमध्येही टाकू नका. माणसे खड्ड्यात जातात ती इथेच.

आज करायचे काम एकच आहे. नोटीस, सोबतच्या दाव्याच्या अर्जाची प्रत आणि फिर्यादीची प्रत विमा कंपनीला लेखी पाठवा आणि पोच घ्या. ईमेल करा, शिवाय शाखेत नेऊन शिक्का मारलेली प्रतही घ्या. एजंटला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला म्हणजे कंपनीला कळवले असे होत नाही. खाजगी कारच्या पॉलिसीत एक अट छापलेली असते: अपघाताची सूचना ताबडतोब लेखी द्यायची आणि आलेले प्रत्येक पत्र, समन्स, दाव्याची प्रत लगेच कंपनीकडे पोचवायची. त्याच अटींमध्ये हेही असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय तुम्ही दोष कबूल करायचा नाही, देऊ केलेले पैसे असोत की वचन, काहीच द्यायचे नाही. हे कलम बहुतेकांनी कधी वाचलेले नसते, कारण पॉलिसीच्या पहिल्या पानावरचा प्रीमियम आणि शेवटची तारीख यापलीकडे कोणी जात नाही.

चार महिने कळवले नाही म्हणून कंपनी हात वर करेल का? तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा असता तर उशीर नक्कीच नडला असता. तिसऱ्या व्यक्तीच्या दाव्यात मात्र कंपनीने कोणते बचाव घ्यायचे ते मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 150 मध्ये मोजून दिलेले आहेत: परवाना, वाहनाचा वेगळा वापर, नशेत चालवणे, पॉलिसी खोटी माहिती देऊन घेतलेली असणे, अशा स्वरूपाचे. उशिरा कळवणे त्यात नाही. कंपनीचे वकील तो मुद्दा मांडतील, तेवढ्याने घाबरू नका. मात्र आज कळवताना जुनी तारीख टाकू नका, ‘तेव्हा फोन केला होता’ असेही लिहू नका. उशीर झाला तो का झाला, ते सरळ लिहा.

आणि ज्या बोनससाठी हे सगळे झाले तो नो क्लेम बोनस मुळात तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो. थर्ड पार्टीच्या दाव्याने तो जात नाही. या एका गैरसमजापायी किती लोक अपघात दडवतात हे पाहून मला वाईट वाटते.

आता दावा खोटा आहे का. तुमचा युक्तिवाद असा की तो उठून चालत गेला, दवाखान्यात मलमपट्टी करून सोडले, मग चार महिन्यांनी हाड मोडल्याचे कागद कुठून आले? अर्जासोबतचे वैद्यकीय कागद नीट पाहा. तो पालथ्या हातावर पडला, असे तुम्हीच लिहिले आहे. अशा पडण्यात मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूचे स्कॅफॉइड नावाचे लहान हाड मोडते आणि ते पहिल्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाही. दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत किंवा एमआरआयमध्ये भेग दिसते. तोवर रुग्ण ‘मुरगळलेय’ म्हणून पट्टी बांधून कामावर जात असतो. या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायला महिने लागतात, कधी जुळतच नाही आणि स्क्रू घालावा लागतो. मानेच्या स्नायूंचे दुखणेही बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी उफाळते. म्हणून ‘त्या वेळी काही झाले नव्हते’ हे वाक्य कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, घालताना शंभरदा विचार करा. ते खोटे ठरले की तुमच्या बाकीच्या खऱ्या म्हणण्यावरचाही विश्वास जातो.

खोटे दावे होतात, हेही मी पाहिलेले आहे. ते ओळखायचे तर कागदांचा क्रम लावा. पहिल्या दवाखान्याच्या केसपेपरवर कोणता हात, किती वाजता आणि कारण काय लिहिले आहे? ‘स्कूटरवरून पडून’ की ‘घरात पाय घसरून’? दुसऱ्या इस्पितळात भरती झाल्याची तारीख काय? मधल्या दिवसांची औषधांची बिले आहेत का? एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद कधी झाली? घटनास्थळ पंचनाम्यात स्कूटरचा कोणता भाग चेपला आहे आणि तो तुमच्या बंपरच्या उंचीशी जुळतो का? हे प्रश्न विमा कंपनीच्या वकिलाला लिहून द्या. त्याच्याकडे एकाच वेळी ढीगभर प्रकरणे असतात. गाडी चालवणारे तुम्ही होता, तपशील तुमच्याकडूनच त्याला मिळणार.

‘किरकोळ अपघात’ हा शब्द आपला आहे, कायद्याचा नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे कोणतेही हाड मोडले, नुसती भेग गेली तरी ती ‘गंभीर दुखापत’ ठरते. बंपरवर ओरखडाही नसलेल्या अपघातात करंगळी मोडली, तरी कायद्याच्या नजरेत दुखापत गंभीर. याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे फौजदारी बाजूला कलम 281 (बेदरकारपणे वाहन चालवणे) सोबत 125 चा गंभीर दुखापतीचा भाग लागतो, ज्यात शिक्षा तीन वर्षांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. दुसरे म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 प्रमाणे, तुमची चूक सिद्ध न करताही, जखमीला अडीच लाखांची ठोक भरपाई मागता येते. तुमच्या नोटिशीत कलम 166 लिहिले आहे, म्हणजे त्याने तो मार्ग न घेता चूक सिद्ध करून पूर्ण भरपाई मागितली आहे. मग तुमचा निष्काळजीपणा सिद्ध करणे त्याच्यावर आहे. मात्र इथे फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही, कोणाचे म्हणणे जास्त संभवनीय वाटते एवढेच पाहिले जाते. मागून धडक देणाऱ्या गाडीला बचाव जड जातो, हे मान्य करून पुढे चला.

नऊ लाख हा मागणीचा आकडा आहे. मंजूर होणारी रक्कम वेगळ्या हिशेबाने ठरते. उपचाराचा बिलांनुसार खर्च, बुडालेली मजुरी किंवा पगार, वेदना आणि गैरसोयीसाठी काही रक्कम, आणि कायमचे अपंगत्व राहिले असेल तर भविष्यातल्या कमाईचे नुकसान. शेवटचा भाग सर्वांत मोठा असतो आणि तिथेच सगळी लढाई होते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात स्पष्ट केले की डॉक्टरने लिहिलेली अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतल्या नुकसानीची टक्केवारी नव्हे. मनगट वीस टक्के आखडले तर सुताराचे नुकसान वेगळे, कार्यालयात बसून काम करणाऱ्याचे वेगळे. एक उदाहरण करून पाहू. वय 38, महिना वीस हजार उत्पन्न, कमाईच्या क्षमतेत पाच टक्के घट. सरला वर्मा निकालातल्या (2009) तक्त्याप्रमाणे 36 ते 40 वयासाठी गुणक 15. वीस हजार गुणिले बारा गुणिले पंधरा म्हणजे छत्तीस लाख, त्याचे पाच टक्के एक लाख ऐंशी हजार. भविष्यातली उत्पन्नवाढ धरली तर आकडा थोडा चढतो, वर बिले आणि व्याज. मागितलेल्या आणि मिळणाऱ्या रकमेत मोठे अंतर असते ते यामुळे. त्याच्या वकिलाने जास्त मागितले म्हणून तो माणूस लुबाडणारा ठरत नाही. प्राधिकरणाला योग्य भरपाई द्यायची असते आणि अर्जात सुरुवातीला आकडा मोठा घालण्याची वहिवाट जुनी आहे.

परस्पर मिटवण्याबद्दल माझे मत ठाम आहे: आता नाही आणि एकट्याने तर मुळीच नाही. दावा दाखल झालेला आहे. तुम्ही त्याला पन्नास हजार रोख देऊन साध्या कागदावर ‘काही तक्रार नाही’ असे लिहून घेतले, तर त्या कागदाने दावा संपत नाही. तो निकाली काढायला दोन्ही बाजूंनी प्राधिकरणात पुरसिस (लेखी निवेदन) द्यावी लागते किंवा लोकअदालतीत तडजोड नोंदवावी लागते. उलट तुम्ही दिलेले पैसे दोषाची कबुली म्हणून वाचले जातील, पॉलिसीच्या अटीचा भंग झाला म्हणून कंपनीला बोलायला जागा मिळेल आणि ती रक्कम कंपनी तुम्हाला परत देणार नाही. कायद्यात याची आणखी एक अवघड बाजू आहे. मालक आणि जखमी यांचे संगनमत आहे किंवा मालक दावा लढवतच नाही असे दिसले, तर कलम 170 प्रमाणे कंपनीला मालकाचे सगळे बचाव स्वतः घेण्याची परवानगी मिळते. तेव्हापासून प्राधिकरणात तुमच्याकडे संशयाने पाहिले जाते.

त्या दिवशीचे बिल आणि तीन हजार मात्र लपवू नका. जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे हे कलम 134 ने चालकावर टाकलेले कर्तव्य आहे, तुम्ही ते केलेत. यूपीआयची नोंद असेल तर तिची प्रत काढून ठेवा. त्याच कलमात चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवणे आणि विमा कंपनीला लेखी माहिती देणेही सांगितले आहे. ते राहिले, आणि उलटतपासात त्यावर प्रश्न येईल. ‘जखमीला बरे वाटत होते, मला गरज वाटली नाही’ हे खरे असेल तर तेच सांगा.

पुढच्या तारखेला हजर राहा. विमा कंपनीचा वकील येतो तो मुख्यतः कंपनीसाठी. नोटिशीवर जाबदार क्रमांक एक तुम्ही आणि दोन कंपनी असे लिहिलेले असेल. कंपनीच्या वकिलाने तुमचेही वकीलपत्र घ्यायला तयारी दाखवली आणि परवाना, पॉलिसी यांबद्दल काही वाद नसेल तर चालू शकते. वाद असेल तर तुमचा वकील वेगळा करा, कारण त्या मुद्द्यावर तुमचे आणि कंपनीचे हित एकमेकांच्या विरुद्ध आहे. गैरहजर राहिलात तर दावा तुमच्याविरुद्ध एकतर्फी चालतो आणि परवाना वैध होता, गाडी तुम्हीच चालवत होता, या साध्या गोष्टी सांगायलाही तिथे कोणी नसते. मग निकालात एक ओळ येते: कंपनीने रक्कम भरावी आणि ती मालकाकडून वसूल करावी. यालाच आम्ही ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतो. स्वरणसिंग निकालात (2004) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की परवान्याच्या नुसत्या त्रुटीने कंपनी सुटत नाही, मालकाने जाणूनबुजून किंवा हयगयीने अट मोडली हे कंपनीने सिद्ध करायचे. पण हे सिद्ध होऊ नये म्हणून बोलणारा माणूस तिथे असायला हवा.

नोटीस हातात आहे तोवर तीन गोष्टी तपासा. कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक बरोबर आहे का? दरवर्षी कंपनी बदलणाऱ्यांच्या दाव्यात आदल्या वर्षीची कंपनी जोडलेली मी अनेकदा पाहिली आहे. तसे असेल तर योग्य कंपनीला सामील करण्याचा अर्ज लगेच द्या. पॉलिसी कोणत्या तारखेला आणि किती वाजता सुरू झाली ते पाहा. नूतनीकरणात एका दिवसाचा खंड पडला असेल आणि अपघात त्याच दिवशी झाला असेल, तर सगळा भार तुमच्यावर येतो आणि ती रक्कम कलम 174 प्रमाणे जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. आणि आरसीवर नाव कोणाचे आहे? गाडी विकली पण नोंदणी बदलली नाही, तर जबाबदार मालक आरसीवरचाच, हे 2018 मध्ये नवीनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले आहे.

पोलिसांचे कागदही पाहून घ्या. 2022 च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने 48 तासांत प्राथमिक अपघात अहवाल, 50 दिवसांत अंतरिम आणि 90 दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणाला द्यायचा असतो. त्यासाठी चालकाकडून आणि मालकाकडून ठराविक नमुन्यात माहिती घेतली जाते. तुम्ही जबाबात काय सांगितले आणि त्या नमुन्यावर काय लिहून सही केली, याची प्रत मिळवा. कैफियतीत त्याहून वेगळे काही लिहिले की उलटतपासात तेच दोन कागद शेजारी-शेजारी ठेवले जातात. डॅशकॅम असेल तर मेमरी कार्ड आजच काढून बाजूला ठेवा. चार महिन्यांत चित्रण पुसले गेलेले नसेल तर नशीब, कारण ते पुन्हा-पुन्हा त्यावरच लिहिले जाते. मिळाले तर संपादन न करता मूळ फाइल जपा. ती पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडावे लागते.

एक विनंती कळकळीने करतो, तुम्हाला उद्देशून नसली तरी हे उत्तर वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला उपयोगी पडेल. गाडी मुलगा चालवत होता, त्याच्याकडे परवाना नव्हता, म्हणून ‘मीच चालवत होतो’ असे सांगायचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. चौकातला कॅमेरा, मोबाइलचे लोकेशन, जखमीची साक्ष, यातून ते बाहेर पडते. मग भरपाईच्या प्रश्नात खोट्या पुराव्याचा गुन्हा मिसळतो आणि विम्याचे संरक्षण जाते ते वेगळेच.

फौजदारी खटल्याबद्दलही सांगितले पाहिजे, कारण ‘दंड भरून मोकळे व्हा’ हा सल्ला तुम्हाला कोर्टाच्या व्हरांड्यात हमखास मिळेल. गुन्हा कबूल करून दंड भरला तर ती कबुली प्राधिकरणासमोर पुरावा म्हणून येते आणि निष्काळजीपणाचा मुद्दा तिथेच संपतो. कधीकधी तसे करणे शहाणपणाचेही असते. पण तो निर्णय दोन्ही प्रकरणांचे कागद समोर ठेवून घ्या. नुकसानभरपाईत तडजोड झाली म्हणून कलम 281 चा खटला आपोआप बंद होत नाही, हेही लक्षात असू द्या.

त्याला भेटावे का, या तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग उरतो. प्रकृतीची चौकशी करायला फोन करायला कायद्याची आडकाठी नाही. त्याच्या वकिलाला आधी कळवा, पैशाचा विषय काढू नका आणि दावा मागे घे असे तर अजिबात म्हणू नका. ‘विमा कंपनीला मी सगळे कागद दिले आहेत’ एवढे सांगितलेत तरी त्याला धीर येतो. भरपाई तुमच्या खिशातून काढायची नसून ज्या विम्याचा हप्ता तुम्ही भरला त्यातून मिळायची आहे, हे त्यालाही बऱ्याचदा माहीत नसते. तुमच्या अपघातात एका माणसाचा हात मोडला असेल, तर त्याला योग्य रक्कम लवकर मिळावी यात तुमचेही नुकसान काहीच नाही.

तडजोड करायची तर ती कंपनीमार्फत करा. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 149 प्रमाणे कंपनीच्या नियुक्त अधिकाऱ्याने ठराविक मुदतीत जखमीपुढे प्रस्ताव ठेवायचा असतो. तो टप्पा गेला तरी लोकअदालत आहेच. हाड मोडल्याची, पण अपंगत्व किरकोळ असलेली प्रकरणे तिथे चांगली मिटतात. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून सही करण्यापूर्वी मजकूर वाचा: रक्कम कंपनी भरणार आणि मालकाविरुद्ध कोणताही वसुलीचा हक्क राखून ठेवलेला नाही, हे त्यात स्पष्ट असले पाहिजे. दावा पूर्ण चालून निकाल लागला तर त्याची प्रमाणित प्रत त्याच आठवड्यात मागा आणि शेवटच्या परिच्छेदात वसुलीची परवानगी दिली आहे का ते पाहा. दिली असेल तर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत 90 दिवसांची आहे.